त्रेचाळीस आणि छप्पन्नच्या मधे

नव्या आयर्नच्या संचात सगळ्यात आखूड ती पिचिंग वेज.
तिच्यावर अंश कोरलेले नव्हते.
मी मोजले. खाणीत सर्वेअर आहे, सवय जात नाही.
जेवणाच्या टेबलावर, क्लायनोमीटर लावून,
कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला :
त्रेचाळीस.

जुनीचे सत्तेचाळीस होते.
कंपनीने चेहरा उभा केला, नाव तेच ठेवलं,
आणि आम्ही सगळे म्हणालो,
वा, चेंडू काय लांब जातो!

पण तिच्या खाली माझी छप्पन्नची,
पहिल्या बोनसची, दांड्यावर गंज आलेली.
मधे तेरा अंशांची फट.
जमिनीवर उतरवली तर
शंभर मीटर आणि सत्तर मीटर,
यांच्या मधली एकही जागा
आता माझ्या पिशवीत नाही.

आणि चौथं होल नेमकं पंच्याऐंशीचं.

कोळशावरून काढून टाकलेल्या मातीचा ढीग
सपाट केला, त्यावर नऊ होल्स.
ग्रीन नाहीत, ब्राउन आहेत :
जळकं तेल शिंपडलेली वाळू, वरून ओढायला गोणपाट.
मधे नाला. पलीकडे बोरीचं झुडूप,
जिथे अंकुश टेकाम
हरवलेले चेंडू आणि बोरं
एकाच खिशात जमवतो.

पिल्लई साहेब म्हणाले, अर्धा स्विंग शिक.
नागपूरचा दुकानदार फोनवर म्हणाला, मॅडम, तीन घ्या,
अठ्ठेचाळीस, त्रेपन्न, अठ्ठावन्न,
बाउन्स चौदा, सगळे हेच नेतात.
सगळे म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.
त्याने माती विचारली नाही.

अंकुशच म्हणाला,
"आमच्या उरकुड्याले दाखवा ना."

उरकुडा लोहार कायरच्या बाजारात बसतो.
काठी त्याने उलटी धरली, चेहऱ्याकडे पाहिलंच नाही.
बैलाचा खूर पाहावा तसा
तळ अंगठ्याने चाचपला.
"जमीन कोनती?"
मुरूम, म्हटलं, वर काळीचा थर. माघात विटेसारखी.
"मंग हे कायले आनली? मांगून पोट सुटलं याचं.
ओल्यात तरंगन. वाळल्यात उसळन,
अन् गोटीच्या डोक्यात बसन."

चार वर्षं तो फटका
मी माझ्या मनगटाच्या नावावर लिहीत आले होते.

"वखराच्या पासेचं बी असंच हाय,"
तो म्हणाला, आणि पुढचं राहिलं,
कारण एक बाई विळा घेऊन आली.
मग दुसरी, कुऱ्हाड घेऊन.
मी रांगेत. हातात गोल्फची काठी,
कोणी वळूनही पाहिलं नाही.

किती उभी करू, त्याने विचारलं.
दोन अंश.
"म्हंजे?"
मी काडीपेटीतली काडी दाखवली, तिच्या जाडीएवढं.
मान हलली. शिकंजा, एक घाव, थांबला, अर्धा घाव.
मग तळाचं मागचं पोट चाकावर,
क्रोम उडालं, खालून करडं लोखंड निघालं,
माझं लोखंड, मी पहिल्यांदाच पाहत होते.

तीस रुपये. विळ्याचेही तीसच.
"पोळ्याच्या आत दुसरी आनजा," म्हणाला,
"तवा हे घुसन."

घरी मोजलं : चोपन्न, आणि वर एक रेघ.
नागपूरला एकच सांगितली, एकोणपन्नासची, बाउन्स सहा.
दुकानदार म्हणाला, मॅडम, ती कोणी नेत नाही,
मागवावी लागेल.
मागवा.
पिशवीतला एक कप्पा रिकामा ठेवलाय, श्रावणासाठी.

काल चौथ्या होलवर तिचा पहिला फटका.
आवाज नीट आला, सुकी फांदी मोडावी तसा.
चेंडू नाल्यावरून गेला, तेलकट वाळूत पडला,
थोडा सरकला, थांबला.
अंकुशने बोराची आठोळी थुंकली.
"पंच्याऐंशी?"
ब्याऐंशी, मी म्हटलं.
तो मोजत गेला, पावलांनी, माझा विश्वास न ठेवता.